सात नंबरचा अडकलेला श्वास

१

सात नंबरच्या बाईचं हृदय सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी बंद पडलं आणि अकरा सोळाला पुन्हा सुरू झालं. मधल्या चार मिनिटांचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि अधीक्षकांनी त्याचं उत्तर टाईपसुद्धा करून ठेवलं होतं.

"फक्त सही करा," त्यांनी कागद मोठ्या मॅडमपुढे सरकवला. "चारला कमिटी बसतेय. सिस्टरने मॅग्नेशियम घाईत सोडलं, पेशंटचं बीपी कोसळलं, हृदय थांबलं. सरळ आहे सगळं."

मोठ्या मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला. या अतिदक्षता विभागात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि उजव्या गुडघ्याने त्यांच्याआधीच निवृत्ती घेतली होती. अकरा बाराला त्या खाली लिफ्टच्या दुरुस्तीच्या मीटिंगमध्ये जांभया दाबत बसल्या होत्या. वर धावत पोचल्या तोवर सगळं होऊन गेलं होतं.

"घाईत सोडलं हे कशावरून?"

"बाटली." अधीक्षक बोटांवर हिशोब करू लागले. "अकराला लावली. वीस मिनिटांत हळूहळू जायला हवी होती. बारा मिनिटांनी घोळ झाला, म्हणजे जवळजवळ निम्मी उरायला हवी होती की नाही? ती पार रिकामी सापडली."

हिशोब चोख होता. मॅडमना चोख हिशोबांचा कंटाळा आला होता, पण त्यात चूकही दिसेना. फक्त ज्या सिस्टरचं नाव कागदावर होतं, तिने या इस्पितळातल्या निम्म्या डॉक्टरांना सलाईन लावायला शिकवलं होतं. त्या निम्म्यांत मॅडमही होत्या. कागदावर सही झाली की ती बाई पुन्हा कधी पेशंटला हात लावू शकली नसती.

"चारपर्यंत वेळ आहे ना?" त्या टेबलाला धरून उठल्या. "मग मी चारलाच सही करीन."

२

सात नंबरचा पलंग खिडकीपाशी होता. बाई चाळिशीची, शाळेची गाडी चालवणारी. दम्याचा झटका आला म्हणून काल सकाळी तिला आणलं, तेव्हा तिच्या तोंडून एक शब्द धड निघत नव्हता. घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला होता, आणि नेब्युलायझरमधून औषधाचा फवारा कालपासून अखंड चालू होता. सकाळचं मॅग्नेशियमही त्याचसाठी होतं, आवळलेल्या श्वासनळ्या सैल व्हाव्यात म्हणून. आता ती निजवल्यासारखी पडून होती. बीपी नव्वदच्या आसपास रेंगाळत होतं.

मॅडमनी सवयीने सगळं तपासलं. नळी जागेवर होती. मशीनचे आकडे योग्य होते. श्वास बाहेर नेणाऱ्या नळीच्या टोकाला एक फिल्टर असतो, पेशंटच्या श्वासातली घाण आणि ओल मशीनमध्ये जाऊ नये म्हणून. तो दर चोवीस तासांनी बदलायचा आणि त्यावर चिकटपट्टीने तारीख लावायची, हा मॅडमचाच नियम. पट्टीवर आजचीच तारीख होती. सकाळी आठच्या राउंडलाही त्यांनी ती पाहिली होती आणि यादीत बरोबरची खूण केली होती. पाठीमागे त्यांना सगळे 'तारीख मॅडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

ज्युनियर डॉक्टर पलंगाला टेकून उभा होता. दोन दिवस घरी गेला नव्हता, हे त्याच्या शर्टावरून कळत होतं.

"काय झालं, नीट सांग."

"अकराला मीच मॅग्नेशियम सांगितलं, मॅडम. बारा मिनिटांनी बीपी दिसेचना. मी मशीन काढून हाताचा फुगा जोडला, बाकीच्यांनी छाती दाबली. चार मिनिटांनी हृदय परतलं. तरी मी आणखी दहा मिनिटं फुग्यावर ठेवलं, मग पुन्हा मशीनला जोडलं. मशीनचे श्वास मिनिटाला चौदावरून आठवर आणले, म्हणजे तिला श्वास सोडायला जास्त वेळ मिळेल."

"ते चांगलं केलंस. आणि त्याआधी?"

"त्याआधीही छाती भरलेलीच होती. पण दम्यात ते असतंच ना. श्वास आत जातो, बाहेर यायला रडतो." त्याने डोळे चोळले. "ही तर फारच नाजूक. पहाटे एकदा नळी जरा हलली तर ऑक्सिजन सत्तरवर. सहापासून मी कुणाला मशीनची एक नळी सोडवू दिली नाही, मॅडम. डोळ्यात तेल घालून बसलो होतो."

"आणि बाटली?"

त्याची मान खाली गेली. "रिकामी होती. मी नाही बघितली, सगळे म्हणाले. सिस्टरचं नाव घ्यायला मलाही बरं वाटत नाही."

कुणालाच बरं वाटत नव्हतं. तरी नाव सगळेच घेत होते.

३

सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. गणवेशावर स्वेटर चढवला होता, पर्स मांडीवर होती. मॅडम आल्या तरी ती उठली नाही. सत्तावीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

"मॅग्नेशियम किती वेगाने दिलंस?" मॅडमनी विचारलं.

"वीस मिनिटांच्या. थेंब मोजून लावलं. मला थेंब मोजता येतात, मॅडम."

"मग बाटली रिकामी कशी?"

"मला काय माहीत? मी तेव्हा तिच्या छातीवर हात रोवून उभी होते. बाटल्या बघायला सवड कुणाला होती?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग करायलाही थोडी ताकद लागते. "दहापासून मी सांगत होते, हिचं काहीतरी बिनसतंय. मानेच्या शिरा फुगल्यात. बीपी दर पंधरा मिनिटांनी दोन-दोनने उतरतंय. मग मॅग्नेशियम आलं. मी म्हटलं, बीपी आधीच कमी आहे. ते म्हणाले, लाव. मी लावलं."

"दहापासून? नोंद आहे?"

"चार्टवर आहे. कुणी वाचला तर."

मॅडमनी चार्ट पाहिला नव्हता. टाईप केलेला कागद तेवढा पाहिला होता.

सिस्टर उठली, पर्स खांद्याला लावली. "मला घरी जायला सांगितलंय. जाते. पण एक लक्षात ठेवा, मॅडम. आता त्या बाईच्या जवळपास मी नाही आणि मॅग्नेशियमही नाही. यानंतर पुन्हा तिचं बीपी पडलं, तर कुणाचं नाव टाईप करणार?"

४

चार्टवर खरंच नोंदी होत्या. दहाला एकशे चार. सव्वादहाला एकशे दोन. पावणेअकराला अठ्ठ्याण्णव. मॅग्नेशियम लागायच्या तासभर आधीपासून बाई एकेक पायरी उतरत होती. पण रिकाम्या बाटलीचं काय, इथे घोडं पेंड खात होतं.

बाटलीचा उलगडा झाला तो सफाईवाल्या मावशींमुळे, आणि तोही त्यांनी मॅडमवर तोंड टाकल्यामुळे.

"जपून, मॅडम. सकाळी मीच तिथे आपटता आपटता वाचले. पलंगाखाली हे एवढं पाणी. माणसं वाचवता ते बरंच आहे, पण औषधं जमिनीला कशाला पाजता?"

"कसलं पाणी, मावशी?"

"मला काय विचारता? छोट्या डॉक्टरांनी नळीतून एक बाटली उपटली आणि दुसरी मोठी लावली. उपटलेली तिथेच पडली आणि गळत बसली. मी दोनदा फडका मारला."

म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली पेशंटच्या अंगात गेलीच नव्हती. मावशींच्या बादलीत गेली होती. धावपळीत मोठं सलाईन जोडायला ज्युनियरने ती उपटली होती, आणि त्याला स्वतःलाही ते आठवत नव्हतं. सिस्टर सुटली, असं मॅडमना वाटलं आणि जरा हायसं वाटलं. मग दुसरा विचार आला आणि ते हायसं वाटणं तिथेच संपलं. मॅग्नेशियमने केलं नाही, तर केलं कशाने? ते जे काही आहे, ते अजून त्या पलंगापाशीच असणार.

बाहेरच्या बाकड्यावर पेशंटची धाकटी बहीण बसली होती. मांडीवर ताईची चप्पल, प्लास्टिकच्या पिशवीत. काल कुणीतरी हातात दिली होती, तेव्हापासून तिने ती खाली ठेवली नव्हती.

"माझी ताई जगेल ना?" तिने विचारलं. "खरं सांगा. सकाळपासून सगळे मला धीर देतायत, त्यानेच जास्त भीती वाटतेय."

"अजून सांगता येत नाही," मॅडम शेजारी बसल्या. गुडघ्याने कुरकुर केली. "सकाळी तू काचेतून बघत होतीस?"

"हो. कुणी पडदा ओढला नाही. मी सगळं पाहिलं." तिने मांडीवरची पिशवी सरळ केली. "एक विचारू? तुम्ही हसाल. तो फुगा आहे ना हाताने दाबायचा, त्यावर ताई बरी दिसत होती. मान नीट, चेहरा नीट. मशीन लावलं की पुन्हा तिची मान फुगायला लागली, हळूहळू. मग तुम्ही तिला फुग्यावरच का नाही ठेवत?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दमा तोच, छाती तीच, नळीसुद्धा तीच. फुग्यावर बरी आणि मशीनवर वाईट. मग दोष बाईच्या छातीत नाही, छातीच्या पुढे कुठेतरी आहे.

त्या उठायला गेल्या आणि आतून मॉनिटर ओरडू लागला.

५

बीपी साठ. एक वाजून पंचवीस मिनिटं.

"कुणीही मॅग्नेशियम दिलं नाही," ज्युनियर आधीच सांगू लागला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "कुणी काहीच दिलं नाही, मॅडम."

"माहीत आहे. मशीन सोडव तिच्यापासून."

"पण ऑक्सिजन—"

"सोडव म्हणते ना."

त्याने नळी सोडवली. मॅडमनी बाईच्या बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी हात ठेवले आणि हलकेच दाबलं. आतून हवा येऊ लागली. शिट्टीसारखा बारीक आवाज करत ती येतच राहिली, संपेचना. एवढा वेळ एका माणसाच्या छातीत एवढी हवा कोंडली होती आणि तिच्या दाबाखाली हृदयाला भरायलाच जागा नव्हती. मॉनिटरवरचा आकडा हलला. सत्तर. ब्याऐंशी. शंभर.

"फुगा. हळू दाब, सावकाश सोड. घाई करू नकोस."

ज्युनियर फुगा दाबत राहिला. बाईची मान खरंच खाली बसली. काचेपलीकडे धाकटी बहीण चपलेची पिशवी छातीशी धरून उभी होती.

"दुसरं मशीन मागवू?" ज्युनियरने विचारलं.

"फिटर ते घेऊन स्कॅनला गेलाय सकाळपासून." मशीनं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे फिटर म्हणत. मॅडम वाकून मशीनभोवती फिरल्या. श्वास आत नेणारी नळी मोकळी होती. बाहेर नेणारीला कुठे मुडप नव्हती. राहिला फिल्टर. पण फिल्टर आजचा होता. त्यावर आजची तारीख होती, त्यांनी सकाळी पाहिली होती, आताही दिसत होती.

त्या थांबल्या.

"सहापासून तू कुणाला एकही नळी सोडवू दिली नाहीस म्हणालास."

"नाहीच दिली."

"फिल्टर बदलायला नळी सोडवावी लागते. आणि फिल्टर बदलतात साडेसातला."

ज्युनियरचा हात फुग्यावर क्षणभर थांबला. मॅडमनी त्याला दाबत राहा म्हणून खूण केली आणि नखाने पट्टीचं टोक उचललं. पट्टी निघाली. तिच्याखाली दुसरी पट्टी होती, आणि त्या पट्टीवर कालची तारीख होती.

फिल्टर काढून त्यांनी तळहातावर घेतला. तो हलका असायला हवा होता. हा ओला फडका उचलल्यासारखा जड लागला. रात्रभराचं फवाऱ्याचं औषध त्यात मुरून बसलं होतं. त्यांनी तो तोंडाशी धरून फुंकून पाहिला. भिंतीवर फुंकावं तसं झालं.

६

तीन वाजता मॅडमच्या खोलीत पाच माणसं आणि चार खुर्च्या होत्या. ज्युनियर उभा राहिला. सिस्टरला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं होतं; ती स्वेटर न काढता बसली. सात नंबरला नवा फिल्टर लावून दीड तास झाला होता आणि बीपी एकशे बाराला ठाण मांडून होतं.

टेबलावर फिल्टर होता, शेजारी दोन पट्ट्या.

"दम्याने तिचे श्वास अडकत होते," मॅडम म्हणाल्या, "आणि उरलासुरला रस्ता या फिल्टरने बंद केला. बाहेर येणारी हवा तुंबली, छाती फुगली, बीपी उतरत गेलं. सिस्टरला ते दहालाच दिसलं होतं. बाकी सगळ्यांनी, मीसुद्धा, दम्यावर ढकललं, कारण दम्यात असंच दिसतं. मशीन काढलं की ती सुधारायची आणि जोडलं की बिघडायची, हे बाहेर बसलेल्या तिच्या बहिणीला कळलं, आपल्याला नाही. बाटलीत उरलेलं मॅग्नेशियम जमिनीवर सांडलं. मावशींनी ते पुसलं."

ज्युनियरने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आता राहिली ही वरची पट्टी," मॅडम म्हणाल्या.

फिटर पन्नाशीचा होता, कमी बोलणारा. त्याने पट्टीकडे बघूनच मान हलवली. "माझीच आहे. सगळ्या माझ्याच असतात."

"फिल्टर न बदलता तारीख कशी लावलीस?"

"पट्ट्या मी आधी लावतो, मॅडम. सातला येतो, एका दमात सगळ्या पलंगांना आजची तारीख चिकटवतो. मग एकेक फिल्टर बदलतो आणि तीच पट्टी काढून नव्यावर लावतो. सात नंबरला हे डॉक्टर म्हणाले, आत्ता नाही, राउंड झाल्यावर ये. त्यांचंही बरोबर होतं. मग स्कॅनला नेलं मला. राहून गेलं."

"पण आधी का लावतोस? काम आधी, मग पट्टी."

फिटरने टेबलावरची पट्टी बोटाने सरळ केली. सांगावं की नाही, याचा विचार करत होता. "दोन वर्षांपूर्वी एका फिल्टरवर पट्टी नव्हती. फिल्टर ताजा होता, पट्टी तेवढी राहिली होती. तुम्ही राउंड तिथेच थांबवलात, सगळ्यांसमोर, आणि मला मेमो दिलात. पट्टी नसली की मेमो मिळतो, मॅडम. फिल्टर बदलला नाही म्हणून अजून कुणाला मिळालेला नाही."

मॅडमना तो मेमो आठवत होता. भाषा कडक जमली म्हणून त्या दिवशी त्या स्वतःवरच खूश झाल्या होत्या. दोन वर्षं त्या रोज सकाळी सगळ्या पलंगांवरून फिरत होत्या आणि पट्ट्या वाचत होत्या. एकदाही फिल्टर हातात घेऊन पाहिला नव्हता. त्यांना खूप थकल्यासारखं वाटलं, आणि लाजही वाटली.

अधीक्षकांनी घसा खाकरला आणि पेन काढलं. "म्हणजे सिस्टरचं नाव काढून तंत्रज्ञांचं टाकायचं."

"टाकायचंच असेल तर पहिलं माझं टाका," मॅडम म्हणाल्या. "नियम माझा, मेमो माझा, आणि सकाळी आठला त्या पट्टीपुढे बरोबरची खूण केली तीही मीच. फिटरचं नाव खाली येऊ द्या, काय घडलं ते लिहिताना. आणि तो जुना कागद फाडा. माझ्यासमोर फाडा."

अधीक्षकांनी कागद फाडला. तीन महिन्यांसाठी मॅडमशी वाद घालण्यात त्यांना अर्थ दिसला नसावा.

सगळे गेले तरी सिस्टर मागे राहिली. मॅडमना वाटलं, ती आभार मानेल, आणि ते नकोसं वाटून त्या आधीच बोलल्या, "चुकलं माझं."

"चुकलं," सिस्टर म्हणाली. "तुम्ही मला दुपारी विचारलंत, किती वेगाने दिलंस. डॉक्टरला विचारलंत, काय झालं. मला 'काय झालं' असं आज कुणीच विचारलं नाही."

सिस्टरने स्वेटर काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि वॉर्डात गेली. तिच्या पाळीचा अजून दीड तास बाकी होता.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी सात नंबरची गुंगी कमी केली. बाईने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि धाकट्या बहिणीने हात पुढे केला तेव्हा तो दाबला. घशात नळी असल्याने बोलता येत नव्हतं. बहीण मात्र दोघींच्या वाटचं बोलत होती. चप्पल पलंगाखाली, जिथे काल पाणी साचलं होतं तिथे, नीट जोडीने ठेवली होती.

आठला राउंड सुरू झाला. फिटर यादी घेऊन दाराशी उभा होता, मान जरा खाली. मॅडमनी यादी घेतली नाही. कुठल्याही फिल्टरवरची तारीख पाहिली नाही.

"कुठला राहिलाय?" त्यांनी विचारलं.

फिटरला प्रश्न कळला नाही असं वाटलं. सत्तावीस वर्षांत त्या दारात रोज एकच प्रश्न विचारला गेला होता, सगळं झालं का, आणि त्याचं उत्तरही एकच होतं. त्याने ज्युनियरकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने हनुवटीने खूण केली, बोल म्हणून.

"तीन नंबर, मॅडम," तो म्हणाला. "तीन नंबरचा राहिलाय. पट्टी लावलेली नाही."

"बरं झालं सांगितलंस," मॅडम म्हणाल्या. "चल, आधी तो बदलू. राउंड थांबेल."

आणि दुखरा गुडघा सांभाळत त्या त्याच्या मागोमाग तीन नंबरकडे निघाल्या.